कशानंच भागत न्हाय

तात्याबा इंदापूरच्या स्टँडवर उतरला तो भांडायच्याच तयारीनं. बावड्याच्या एसटीडी बूथवाल्या मानसिंगनं सकाळी रानात पळत येऊन निरोप दिला होता, "तात्या, तुमच्या स्वप्नालीचा सासरनं फोन आलता. मूळ म्हणाली. कशानंच भागत न्हाय म्हणाली. म्होरं लाईनच तुटली."

मूळ! सासरच्या लेकीला आणायला माहेरनं माणूस धाडतात, ते मूळ. पंचमी नाही, दिवाळी नाही, आणि पोरगी आपल्या तोंडानं मूळ मागते म्हणजे काय समजायचं? बायकोनं घरात आकांत मांडला. तात्याबानं पैरण चढवली आणि मिळेल ती एसटी धरली.

स्वप्नालीची सासू बानूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"अगं बया, इवाई! आन् असं अचानक?"

"पोरगी कुठं हाय?"

पिठाच्या हातानं तिनं पडवीकडं दाखवलं. स्वप्नाली फरशीवर उकिडवी बसलेली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूनं नुसते भागाकार.

"तुला मारत्यात का गं?" सासूच्या देखत त्यानं विचारलं. असल्या वेळी कसली आलीय भीड!

"मला? कोण मारतंय? आबा, काय झालंय तुमाला?"

"मूळ धाडा म्हणालीस न्हवं मानसिंगला?"

स्वप्नालीनं कपाळाला हात लावला. "अवो, ते आपल्या धाकल्याला, सूरजला सांगायचं व्हतं! त्यानं कोडं घातलं, एक लाख तीनला कशानं भाग जातो ते सांग. तीनशे सोळापर्यंत समदं बघितलं. मूळ संख्या हाय ती, आबा. एक आन् ती सोता सोडली तर कशानंच भागत न्हाय!"

"आन् तीनशे सोळाच्या म्होरं?" बानूबाईनं चुलीपासनं विचारलं.

"म्होरं कशाला बघायचं, आत्या? म्होरच्या कशानं भाग गेला असता, तर त्याचा जोडीदार अलीकडंच घावला असता."

तात्याबा मटकन उंबऱ्यावर बसला. जीव भांड्यात पडला त्याचा. हसता हसता डोळे पुसत त्यानं मानसिंगच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग बानूबाईकडं बघून ओशाळला. "इहीणबाई, तोंडाला येईल ते बोललो. मनात धरू नका."

"धरायचं काय त्यात?" तिनं भाकरीचं ताट त्याच्यापुढं ठेवलं. "मूळ म्हणल्याबरुबर आलात व्हय?"

"मग? हातातलं खुरपं तितंच टाकलं."

बानूबाई चुलीशी जाऊन बसली. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली होती, ती तिनं उलटली.

"मी बी धाडला व्हता निरोप, नवी नवरी व्हते तवा. माझं मूळ खरं व्हतं, इवाई. कुणी आलं न्हाय." तिनं पदरानं तोंडावरचा घाम टिपला. "खावा. गार व्हतीया."