पहिला अभिप्राय

औरंगपुऱ्यात एकटे राहणारे खंडेराव व्हॉट्सॲपवरच्या काव्यसमूहावर स्वतः कधी कविता टाकत नसत, दुसऱ्यांच्या वाचत. कुणाचीही कविता आली की कोणती ओळ भिडली आणि का, हे तेच सगळ्यांत आधी सविस्तर लिहीत. मग त्यांच्याखाली इतरांचे 'वाह', 'अप्रतिम' आणि जोडलेले हात गोळा होत.

बायको बानाबाई गेल्यावर वर्षभर मनात घोळत राहिलेली कविता त्यांनी रविवारी सकाळी समूहावर टाकली. आयुष्यातली पहिलीच. दुपारपर्यंत सगळ्यांनी उघडल्याच्या निळ्या खुणा आल्या, पण खाली एक अक्षर नव्हतं. आपलं दुःख असं चारचौघांत मांडायला नको होतं, असं त्यांना वाटू लागलं. कविता पुसून टाकावी म्हणून त्यांनी मोबाईल हातात घेतला, तेवढ्यात समूहातल्याच अक्षदाचा वैजापूरहून फोन आला.

"काका, तब्येत बरी हाय ना? ग्रुपवरचे समदे काळजीत हायेत."

"मला काय झालंय? बरा हाय की."

"मग सकाळच्या कवितेखाली काहीच कसं लिहिलं नाय? तुमच्याआधी लिहायची कुणाची हिंमत? आम्ही लई वेळचे थांबलोय."

 खंडेरावांनी विचारलं, "अक्षदा, तुला कशी वाटली गं ती कविता?"



"वाचली नाय अजून, काका. कुणाची हाय तेबी नाय पाहिलं. तुम्ही चांगली म्हणलात, की वाचते."