चपला बाहेर काढाव्यात

करिमुन्निसा सिस्टर कॉम्प्युटर रूमच्या दारापर्यंत आली, पायातली चप्पल अर्धी काढली आणि पुन्हा घातली. पॅसेजच्या टोकाला स्टुलावर रंगूबाई आया बसली होती आणि तिचं सगळं लक्ष या दाराकडेच होतं. सिस्टर उगीचच हातातलं घड्याळ बघत मागे फिरली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

आता झालं होतं काय, की नेरूळच्या त्या हॉस्पिटलात नवा कॉम्प्युटर आला होता. ट्रस्टींचा भाचा आशुतोष परदेशात शिकून आला आणि त्यानं तो हौसेनं बसवला. कुणाच्या हातून चूक झाली, किंवा होता होता राहिली, की आत जायचं आणि टाइप करायचं. नाव विचारणार नाही, शिक्षा होणार नाही. एकाची चूक कळली तर दुसऱ्याची टळेल, असं त्याचं म्हणणं. म्हणणं अगदी लाखातलं! पण अठ्ठ्याण्णव सालचा कॉम्प्युटर तो, त्याचे लाड जावयासारखे. त्याला धूळ चालेना, उकाडा चालेना. म्हणून एसी खोली दिली आणि दारावर आशुतोषनंच पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात.' झालं की नाही कल्याण?

कॉम्प्युटर नाव विचारत नव्हता, पण चपला दाराबाहेर बसून नाव सांगत होत्या. सगळ्या सिस्टरांच्या चपला पांढऱ्या, तरी रंगूबाईला प्रत्येक जोड ओळखू येई. पहिल्याच दिवशी नंदिनी सिस्टर आत गेली, आणि ती बाहेर यायच्या आत बातमी कॅन्टीनपर्यंत पोचली. "नंदिनी सिस्टरची हाय ती चप्पल. काय केला कोन जाने!" नंदिनी बिचारी एसी किती गार आहे तेवढं बघायला गेली होती. त्यानंतर त्या दाराकडे कुणी फिरकेना. आशुतोष रोज संध्याकाळी येऊन रिकामा स्क्रीन बघे आणि म्हणे, वा, आपल्याकडे चुकाच होत नाहीत!

करिमुन्निसाची चूक मात्र खरी होती. आदल्या दिवशी कृष्णातला इंजेक्शन द्यायचं होतं. कृष्णात तुर्भ्याच्या कारखान्यातला कामगार, निमोनियानं आलेला. औषधात मिसळायचं पाणी म्हणून तिनं ट्रेमधली छोटी प्लास्टिकची बाटली उचलली, त्यातलं सिरिंजमध्ये ओढलं, आणि आता मिसळणार तेवढ्यात तिची नजर लेबलावर गेली. पोटॅशियम! ते असं थेट शिरेत गेलं असतं तर कृष्णातचं हृदय तिथंच थांबलं असतं. तिनं सिरिंज तशीच कचऱ्यात टाकली. तिचा चेहरा बघून कृष्णात म्हणाला, "सिस्टर, तुमीच सुईला घाबरताय व्हय?" तिला धड हसू येईना, धड रडू येईना.

दोन्ही बाटल्या सारख्याच बुटक्या, दोन्हींवर सारखीच निळी अक्षरं, आणि स्टोअरवाले दोन्ही एकाच ट्रेमधून पाठवत. आपल्या वॉर्डातल्या तिनं लगेच वेगळ्या केल्या. पण बाकीच्या वॉर्डांचं काय? सगळीकडे तोच ट्रे जात होता. सरळ डॉक्टरांना सांगावं, तर डॉक्टर कोण? खानविलकर! "माझ्या वॉर्डात चुका होत नाहीत," हे ते राउंडला रोज ऐकवत. मागच्या वर्षी एका सिस्टरला त्यांनी उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. करिमुन्निसाची नोकरी अजून कच्ची. पुढच्या महिन्यात पक्की व्हायची, आणि सही खानविलकरांचीच लागायची. तिकडे अब्बांनी अर्ध्या पनवेलला सांगून ठेवलेलं, मुलगी पर्मनंट होतेय म्हणून. गप्प बसावं, ती स्वतःला समजावे. आणि लगेच दुसऱ्या कुणाचा तरी हात त्या ट्रेकडे जाताना तिला दिसे.

दुपारी कृष्णातला घरी सोडलं. त्याची बायको न्यायला आली होती, कडेवर लहान मुलगी. मुलीनं बापाच्या मिशा ओढल्या, बाप खोटं खोटं ओरडला आणि सगळा वॉर्ड हसला. बस्स झालं, करिमुन्निसानं ठरवलं. नोकरी गेली तर गेली, पण हे सांगायचंच. मात्र रंगूबाईच्या तोंडून साऱ्या हॉस्पिटलला कळायला नको होतं.

रंगूबाई चहाला उठल्याबरोबर तिनं पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला. रिकामी पिशवी घेऊन भराभरा कॉम्प्युटर रूम गाठली. इकडेतिकडे बघितलं. बाहेर एकही चप्पल नव्हती, म्हणजे आत कुणी नव्हतं. तिनं आपल्या चपला काढून पिशवीत कोंबल्या, पिशवी छातीशी धरली आणि अनवाणी आत शिरली.

कॉम्प्युटरसमोर कुणीतरी बसलं होतं.

खुर्ची दचकून वळली. खुर्चीत डॉक्टर खानविलकर! मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीतून डोकावणारे त्यांचे तपकिरी बूट, आणि डाव्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा. एक बोट कीबोर्डवर अधांतरी राहिलेलं. दोघंही एकमेकांच्या पिशवीकडे बघत राहिले.

"दार लावा आधी, रंगूबाई येईल!" डॉक्टर कुजबुजले. मग त्यांनी शेजारचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "आणि बसा सिस्टर. माझी पहिलीच टाइप होतेय, अजून दोन बाकी आहेत."