धुऱ्यावरचा गोटा

या रविवारीही शालिग्राम सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसला. हिरीबाईनं चष्म्यावरून आधी त्याचे हात पाहिले. तळव्यांवर ताजे फोड होते.

कामरगावजवळच्या तिच्या ओसरीत दर रविवारी दुपारी आठ-दहा माणसं शुभवर्तमान वाचायला जमत. वाचायची हिरीबाई, अर्थही तीच सांगायची. शालिग्राम तिचा शेतशेजारी. बाप गोपीचंद वारल्यावर पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला आणि महिन्याभरापासून इथे येऊन बसू लागला. देवाधर्माशी ज्याला कधी घेणंदेणं नव्हतं तो एकाएकी एवढा भाविक झाला, हेच तिला खटकत होतं.

कारण त्याच महिन्यात दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हद्दीचा गोटा हलू लागला होता. दर सोमवारी पाहावं तर तो आदल्या जागेवर नसे, भोवती माती उकरलेली. सबलीशिवाय, लोखंडी पहारेशिवाय, तो गोटा हलत नाही, आणि एकट्याला तर तो एका दमात पाऊलभरच रेटता येतो, हे हिरीबाईला पक्कं ठाऊक होतं.

धुऱ्याला लागूनच तिची विहीर. नवरा हेमला गेल्यापासून घर चालायचं ते त्या पाण्यावर. गोटा कुणीकडेही सरको, हद्दीचा विषय निघून विहीर गेली तर खायचं काय, हाच विचार तिच्या डोक्यात असायचा.

"आई, मोजणी बोलवा ना," सून अंजू म्हणाली होती. "सरकारी माणूस येईन, मिटून जाईन."

"मोजणीचं नाव काढू नको. त्याच्या मनात काय हाय, ते मी पाह्यते."

म्हणून आज तिनं मुद्दाम बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा उतारा काढला.

"नदीवर गर्दी झाली," ती सांगू लागली, "अन् योहान त्याइले सापाची पिल्लं म्हणते. चुकलो म्हणून नुसतं तोंडानं नोका सांगू, म्हणते. करून दाखवा." तिनं चपलांकडे रोखून पाहिलं.

शालिग्रामनं घसा खाकरला. "मामी, बापानं केलेलं पोरानं निस्तरलं तर चालते काय?"

आता मात्र हिरीबाईला राहवेना. "काहून इचारून राह्यला? गोटा तूच हलवतं ना?"

ओसरीतली सगळी माणसं चपलांकडे वळली.

"हो, मीच." त्यानं मान खाली घातली. "बाप मराच्या आंधी बोलला. बारा वर्सामागं त्यानं गोटा चार पावलं तुमच्या वावरात सरकवला. त्याच वर्सी त्याले अर्धांग झालं, मंग खाटेवरून उठलाच नाही. तुमाले सांगाची लाज वाटे. म्हणून दर हप्त्याले एक पाऊल मी आमच्या वावरात माघारी नेलं. आज सकाळी चौथं झालं. तुमची जमीन तुमाले पावली, मामी."

अंजूनं डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी देवाचे आभार मानले. "पुढचं वाचा, हिरीबाई," कुणी म्हणालं.

हिरीबाईनं पुस्तक उचललं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गोपीचंद खाटेवर पडला त्याच उन्हाळ्यात तिनं आणि हेमलानं तो गोटा चार नाही, आठ पावलं त्याच्या वावराकडे मागे रेटला होता, आणि त्याच्या जमिनीतल्या त्या वरच्या चार पावलांतच विहीर खणली होती.