भिंतीवरचं गोंदण

शाळेच्या दुमजली भिंतीवर सगुणेला आपलाच हात दिसला. चांगला होडीएवढा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, गोंदणाच्या हिरव्या फुलांसकट.

हा उद्योग नातीचा. मृणाली मुंबईत चित्रकलेच्या कॉलेजात होती. तिच्या वर्गातल्या पोरांनी पोर्तुगालच्या पोरांबरोबर मिळून भिंतीवर दाखवायची चित्रं कॉम्प्युटरवर केली होती. तिकडच्या फरश्यांवरची निळी फुलं गोल फिरत यायची आणि बघता बघता इकडच्या बायकांच्या हातावरलं गोंदण व्हायची. खाडीपलीकडं न्हावा शेव्याच्या क्रेनचे दिवे रोज झगमगतात, त्यांच्याकडं ढुंकूनही न बघणारं गाव आज अंधार पडायच्या आत खुर्च्या धरून बसलं होतं.

"माजाच हात घावला व्हय गो तुला?" सगुणेनं विचारलं. झेंड्याच्या कट्ट्यावर प्रोजेक्टर मांडला होता, त्याच्या शेजारीच नातीनं तिला मानानं बसवलं होतं.

"दिवाळीत तू बांगड्या भरत होतीस ना आजी, तेव्हा काढले फोटो."

सगुणेनं हात पदराखाली ओढला. एरवी तिच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या असत, आणि त्या हौसेनं नव्हत्या. त्यांच्याखाली, मनगटाच्या आतल्या अंगाला, एक नाव होतं. लग्नाआधी जत्रेत कुणाला न विचारता गोंदवून घेतलेलं. नामा.

नवऱ्याचं नाव कृष्णाजी. त्याला अक्षरओळख नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवायचा. त्या एका भरवशावर तिनं उभा संसार केला होता. नामा मागच्या आळीतला. तो वारला तेव्हा मृणाली पाळण्यात होती. त्याची बायको जनी मात्र आता पहिल्याच रांगेत शेंगा सोलत बसली होती.

भिंतीवरचा हात सावकाश वळायला लागला. सगुणेनं नातीची ओढणी ओढली, पण तिचं लक्ष भिंतीकडं होतं.

मृणालीनं माइक घेतला. "आता या हातावर एक नाव दिसेल. आमच्या आजीनं आबांचं लाडाचं नाव गोंदवलंय, आणि इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही."

माणसं हसली. कुणीतरी शिटी मारली. जनीनंही शेंगा बाजूला ठेवून मान वर केली.

तेवढ्यात कट्ट्याच्या पायरीवर बसलेला कृष्णाजी गुडघ्यावर हात टेकून उठला आणि प्रोजेक्टरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. भिंतीवरचा हात गेला. तिथं नुसती टोपी घातलेली काळी सावली उरली.

"आबा, सरका ना. तुमचंच नाव येतंय."

"माजं नाव मना ठाव हाय," मागं न बघता कृष्णाजी म्हणाला. "तू फुलं दाव. फुलं बरी हायेत."

"ओ म्हातारबा, बसा खाली," खुर्च्यांतून ओरडा झाला. तो बसला नाही.

याला ठाऊक होतं. कधीपासून, कुणाकडून वाचून घेतलं, काही म्हणजे काही सगुणेला उमगेना. इतकी वर्षं याच हातची भाकरी त्यानं मुकाट खाल्ली होती आणि ती वेडी बांगड्या सावरत बसली होती.

तिनं मान वर केली. भिंतीपर्यंत न पोचलेलं नाव कृष्णाजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं होतं, पाठीच्या मधोमध, हिरवं, जरासं पुसट. तो श्वास घेत होता तसं ते हलत होतं.