चीं

उताराच्या तळाशी गाडी थांबली आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईला ते पुन्हा ऐकू आलं. चीं. अगदी बारीक, काचेवरून नख ओढल्यासारखं.

"आलं ना आत्ता?" लेकीने स्टिअरिंगवरचे हात न काढता विचारलं.

शेजारी बसलेल्या वडिलांनी डोळे मिटले होते. बसडेपोत ते छत्तीस वर्षं ब्रेक तपासत. सगळे त्यांना कानमास्तर म्हणत. कानमास्तर झोपेतसुद्धा सांगतील, पॅड किती उरलंय ते, अशी तिथे थट्टा चाले. पॅड झिजत आलं की त्याला लावलेली पत्र्याची जीभ चाकाच्या चकतीला घासते आणि ओरडते. ती ओरड ते इतरांच्या आधी टिपत.

"काही नाही," ते म्हणाले. "गाडी कशी शांत आहे बघ. खुशाल जा उद्या."

उद्या लेक दोन्ही मुलांना घेऊन घाट उतरणार होती. "तुम्ही म्हणताय म्हणजे नाहीच," ती हसली. "माझेच कान वाजतात."

गाडी परत निघाली. दुपार कलली होती. झाडांच्या सावल्या काचेवरून पाण्यासारख्या वाहत होत्या. मागे आई नवऱ्याच्या पांढऱ्या केसांकडे बघत बसून राहिली. हल्ली तो फार गप्प असे. काही न विचारता तिच्यासाठी चहा करी, कप हातात देई आणि नजर चुकवून निघून जाई. वयाने माणूस मऊ होतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच्या कानावर तिने जन्मभर विश्वास टाकला होता. त्याचा शब्द खाली पाडायचा, तोही लेकीसमोर?

घराच्या फाटकाशी गाडी थांबली. चीं.

"चाक काढा," ती म्हणाली.

"कशाला उगाच?"

"मला ऐकू येतंय, अहो. आणि तिलाही येतंय. तुम्हालाच येत नाही."

लेकीने मान खाली घातली. तो उतरला, डिकीतून जॅक काढला, पाना लावला. हात अजून तरबेज होते. चाक निघालं. आतल्या बाजूचं पॅड नखाएवढं पातळ झालं होतं. पत्र्याच्या जिभेने चकतीवर चकचकीत गोल रेघ कोरली होती. त्या रेघेवरून त्याने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"घाटात दगा दिला असता," तो हळूच म्हणाला. "गॅरेजला फोन कर. चारही चाकांची पॅडं बदलून घे. त्याशिवाय मुलांना गाडीत बसवायचं नाही."

लेक फोन करायला आत गेली. तो पायरीवर टेकला, काळे हात गुडघ्यांवर पालथे ठेवून. ती शेजारी बसली. त्याच्या मनाला लागलं असणार. रस्त्यावर कुणीच नव्हतं. उन्हात धूळ तरंगत होती.

मग त्याने विचारलं, "तू अजून शीळ घालतेस?"

ती चमकली. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी किती नावं ठेवली होती तिच्या शीळ घालण्याला. हाच एकटा तेव्हा गालात हसायचा.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला, "मला वाटतंय, तू सोडून दिलंस. माझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून विचारायचा धीर झाला नाही."

आज सकाळीच कुंड्यांना पाणी घालताना तिने एक अख्खं गाणं शिळेवर वाजवलं होतं, आणि तो चहाचा कप घेऊन तिच्या पाठीशीच उभा होता.