किती किलोटनापर्यंत

तबकडीवरच्या सुईने उडी मारली. म्हणजे मारली असं धरायचं होतं. परीक्षक पिकर्सगिलने तबकडीसमोर एक चिठ्ठी धरली, तिच्यावर स्फोटाच्या दाबाचा आकडा होता. इंग्लंडात यॉर्कशरच्या माळाखाली स्वयंसेवकांची निरीक्षण चौकी होती, तिच्या तळघरात रविवारी दुपारी अणुयुद्धाचा सराव असा चिठ्ठ्यांवर चालायचा. चौकीप्रमुख विल्फ मेटकाफने आकडा फोनवरून मुख्यालयाला कळवला. इतर चौक्यांचे आकडे आले की बॉम्ब किती किलोटनाचा, ते तिथे ठरणार होतं.

आता पाळी एडनाची, विल्फच्या बायकोची. स्फोटानंतर मिनिटभराने तिने शिडी चढून बाहेर जायचं आणि वरच्या डब्यातला कागद बदलून आणायचा. कागदावर जळल्याचा डाग कुठे पडलाय, त्यावरून बॉम्ब कोणत्या दिशेला पडला ते कळतं. ती बाहेर पडली की विल्फने तत्काळ झाकण लावायचं आणि तिने परतून तीनदा ठोकेपर्यंत उघडायचं नाही. खरी वेळ आली तर बाहेर तिचं काय होईल, याबद्दल नियमावलीत चकार शब्द नाही.

इतकी वर्षं एडनाने हे मुकाट्याने केलं होतं. आज मात्र सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. विल्फच्या चहातली साखर डॉक्टरांनी बंद केली होती, तरी त्याने डब्याला हात घातला तेव्हा ती त्याच्यावर उगाचच खेकसली. मग तिने विचारलं, खरोखरच बॉम्ब पडला तर मला वर पाठवशील? तो म्हणाला, केवढा आहे त्यावर. त्याची हयात खाणीत सुरुंग लावण्यात गेलेली, त्याला प्रत्येक गोष्टीला माप लागतं. एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी एकदम उडवल्याचा दणका, असं त्याने समजावलंही. त्यांच्या खाणीत एकदा टनभर दारूचा सुरुंग उडवला होता, तेव्हा एडनाच्या फडताळातल्या बश्या फुटल्या होत्या. तशी हजार फडताळं तिने डोळ्यांसमोर आणून पाहिली. ती काही येईनात.

"एडना, मिनिट झालं," विल्फ म्हणाला.

ती शिडीला धरून तशीच उभी राहिली. "मला आकडा हवाय. किती किलोटनापर्यंत मला वर पाठवशील? आणि कितीच्या पुढे नाही?"

"अगं, साहेब बसलेत."

"बसू देत की. त्यांनाही कळेल."

पिकर्सगिल पेन्सिलीला टोक करू लागला. फोन वाजला, मुख्यालय दिशा मागत होतं. विल्फ नुसता हं हं करत राहिला. शंभर म्हणावं, तर नव्याण्णवला बायकोला बाहेर ढकलणारा नवरा ठरतो. एक म्हणावं, तर मग ही चौकी चालवतोस कशाला?

"नियम आहे, एडना," तो शेवटी म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि चढली.

झाकण लावायला विल्फ तिच्या मागोमाग चढला. तिचे रबरी बूट भोकातून दिसेनासे झाले. त्याने झाकणाला हात घातला. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता, तो त्याच्या तोंडावर आला, मग खाली तबकडीच्या काचेवर टपटपू लागला.

"मेटकाफ, झाकण," पिकर्सगिल म्हणाला.

"हो साहेब."

हात झाकणावरच राहिला. पिकर्सगिलने पुन्हा हाक मारली, विल्फने पुन्हा हो म्हटलं.

एडना कागद घेऊन परतली. तीनदा ठोकायला म्हणून तिने मूठ उचलली, तर ठोकायला काही नव्हतंच. भोकात विल्फचा ओला चेहरा होता.

दोघं खाली आले. पिकर्सगिल शांतपणे म्हणाला, "झाकण उघडं राहिलं. किरणोत्सारी धूळ आत आली. बॉम्ब किती किलोटनाचा, हे आता विचारायलाच नको. चौकी नापास, तुम्ही दोघंही मेलात."

विल्फ मान खाली घालून स्टुलावर बसला. त्याची चौकी आजवर कधी नापास झाली नव्हती. एडनाने कागद टेबलावर ठेवला, थर्मास उघडला, तीन कप भरले. मग साहेबांसाठी आणलेला साखरेचा डबा ओढून तिने विल्फच्या कपात दोन चमचे साखर घातली.

विल्फने तिच्याकडे पाहिलं.

"मेलास ना आता?" ती चहा ढवळत म्हणाली. "मग घे."