एककिके

“काका, जरा लांब उभे राहा. तुमची सावली पान्यावर पडतेय,” मिस्त्री म्हणाला.

काका दोन पावलं मागे सरले आणि तीन पुढे आले.

चार वाजता जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती. बावीस वर्षं त्या फेरीच्या तोंडाशी काकांचीच मोटरसायकल. आणि आता अडीच वाजता ती पोट उघडून उभी होती. बटणावर इंजिन सुरू करणारी मोटर मिस्त्री तिच्यात बसवत होता.

लोक काकांना एककिके म्हणत, अगदी आडनावासारखं. एका किकेत इंजिन बोलतं करणारा माणूस! घरात त्यांचा कायदा एकच: “सुरू कर आणि खुशाल ने.” थोरल्याने किक मारली, तो आठ दिवस लंगडला. धाकट्याने दांड्याला लांबूनच हात जोडले. काकू किकेवर उभ्या राहिल्या, तर दांड्याने त्यांनाच वर उचललं. “तुझी स्कूटर बरी,” म्हणून काका दरवर्षी हसायचे.

गेल्या महिन्यात मात्र गाडी रुसली. प्लग बदलला, पेट्रोल बदललं, किका मारून मारून काकांचा गुडघा भोपळ्याएवढा झाला. इंजिन हूं की चूं करेना.

“अहो, गाडीला धाड भरलेली नाही,” काकू म्हणाल्या. “तुमच्या पायात जोर उरला नाही. बटण बसवून घ्या.”

“ते म्हाताऱ्यांचं काम.”

“मग बसा घरी, गुडघा शेकत.”

हे मात्र झोंबलं.

आज काकूही आल्या होत्या. मांडीवर फुगलेली पिशवी घेऊन बाकावर बसल्या होत्या.

“फेरीत नाव घातलंस ना?” काकांनी चौथ्यांदा विचारलं.

“घातलं. पहिलाच नंबर आहे.”

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि टाकी पुसायला घेतली.

“ते ओट्याचं फडकं आहे!” काकू कडाडल्या. “निळ्या चौकड्यांचंही तुम्हीच पळवलंत.”

“आईशप्पथ, नाही!”

“मग त्याला काय पाय फुटले?”

काकांनी घड्याळ पाहिलं. मग मिस्त्रीच्या भिंतीवरचं पाहिलं. ते बंद होतं, तरी दोनदा पाहिलं.

सव्वातीनला मिस्त्री उठला. “दाबा.”

काकांनी बटण दाबलं. मोटर किणकिणली, इंजिन खाकरलं आणि जुन्या ओळखीच्या आवाजात धडधडू लागलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, धुराने असेल.

“आता आडनाव बदला, काका. बटणे!” मिस्त्री हसला. “आता कुणीही सुरू करील. सीटपण दोन बोटं खाली घेतलीय, काकूंचा निरोप होता.”

“गुडघ्यासाठी,” काकू घाईने म्हणाल्या. “अहो, बंद करा ती. मिस्त्रींचा हिशोब मी भागवलाय. तुम्ही आत जाऊन हात धुऊन या, काळे झालेत.”

काका लंगडत आत गेले. मिस्त्री मागोमाग आला आणि त्याने त्यांच्या हाती एक डबा ठेवला. गाडीतून निघालेली वस्तू गिऱ्हाइकाला परत द्यायची, हा त्याचा शिरस्ता.

डब्यात किकचा दांडा होता, चार बोल्ट होते आणि तळाशी काजळीने माखलेला कापडाचा बोळा.

“हे कुठलं रे?”

“सायलेन्सरातलं. पार आतपर्यंत दाबून बसवलं होतं. हे आत असल्यावर गाडी सुरू होते होय! किक मारा नाहीतर बटण.”

काकांनी बोळा उलगडला. आतल्या घडीत काजळी पोचली नव्हती. तिथे निळ्या चौकड्या होत्या.

बाहेर मोटर किणकिणली.

काका धावत, म्हणजे लंगडत, दारात आले. बाकावर पिशवी रिकामी पडली होती. नवंकोरं लाल हेल्मेट घालून काकू गाडीवर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला नेमके टेकले होते.

“तुम्ही बसने या,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्यांच्या पुढेच असेन.”